तीन चमचे साखर, वीस किलो चरबी: ठाणे-नवी मुंबईतले चार दिवस

पहिला दिवस, गुरुवार: तलावपाळी

फेब्रुवारीतली गोष्ट. साताऱ्याहून सकाळची गाडी धरली, दुपारी ठाण्यात उतरले. खंबाटकीत गार वारा होता, पनवेलपासून पुढे गाडी मुंगीच्या पावलाने चालली. बाकी प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही.

ताई पाचपाखाडीत राहते. तिने फोनवर एकच गोष्ट तीनदा सांगितली होती, "यांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, पण ऐकतील तर शपथ. तू आलीस की तुझ्यासोबत निघतील बघ." भावोजी ६३ वर्षांचे, मधुमेहाला बारा वर्षं झाली. मी अकरावी-बारावीला २७ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. शरीर साखर आणि चरबी कशी जाळतं, हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा धडा. तेव्हा ठरवलं, चार दिवस ठाणं आणि नवी मुंबई जमेल तेवढी पायी बघायची आणि भावोजींना सोबत घ्यायचं.

संध्याकाळी मामलेदार मिसळ. ठाण्यात येऊन ती खाल्ली नाही तर आल्यासारखंच वाटत नाही. मी मध्यम तिखट घेतली तरी कपाळावर घाम फुटला. भावोजींनी दोन पाव खाल्ले, तिसऱ्यासाठी ताईकडे बघितलं आणि हात मागे घेतला. तिथून सरळ तलावपाळीवर गेलो. कोपिनेश्वराच्या देवळातून घंटेचा आवाज येत होता, पाण्यावर दिव्यांच्या रेघा हलत होत्या, कठड्यावर कॉलेजची मुलं आणि पेन्शनर मंडळी शेजारी शेजारी बसलेली. आम्ही तळ्याला रमतगमत दोन फेऱ्या मारल्या.

भावोजींनी विचारलं, "जेवल्यावर चालून नेमकं होतं काय?" धडधाकट माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा. दोन पाव खाल्ले की त्याच्या कितीतरी पट साखर आतड्यातून रक्तात उतरू लागते. ती तिथे साचून चालत नाही, लगेच कुठेतरी पोचवावी लागते आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. साखर आत घेणारी दारं स्नायूच्या पेशीत खोल दडलेली असतात. इन्शुलिनचा निरोप आला की ती वर येतात. भावोजींच्या स्नायूंना हा निरोप नीट ऐकू येत नाही, त्यांच्या या टाइप-२ मधुमेहाचं दुखणं तेच. पण पोटरी-मांडी हलायला लागली की तीच दारं दुसऱ्या वाटेने वर येतात, त्याला इन्शुलिनचा निरोप लागत नाही. म्हणून जेवणानंतरची साधी शतपावलीसुद्धा कामाची.

घरी येऊन ताईने त्यांच्या बोटाला सुई टोचली. रक्तातली साखर मिसळीनंतर २१४ होती, फिरून आल्यावर १७१. एका आकड्यावरून कुठलाच सिद्धांत मांडू नये हे मला माहीत आहे, पण भावोजींचा चेहरा खुलला. "मग गोळी कशाला हवी?" म्हणाले. गोळीचं डॉक्टर ठरवतील, असं मी सांगितलं. गोळी कोणती, हे मात्र विचारलं नाही. ते मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

दुसरा दिवस, शुक्रवार: येऊर

पहाटे उपवनपर्यंत रिक्षा केली आणि तिथून चढाची वाट धरली. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. शहर इतकं जवळ असूनही पहिल्या दोन वळणांतच हवा बदलते. भुत्याची पांढरीफटक खोडं निष्पर्ण उभी होती, काटेसावरीला लाल फुलं लागली होती आणि त्यांच्यावर मैनांचा कल्ला चालला होता. पहाटफेरीला येणारे पुष्कळ दिसले. भावोजी माझ्यामागून चालत होते आणि आपल्या शाळेतल्या गमती सांगत होते.

त्या दिवशी संकष्टी होती. भावोजी गेली चाळीस वर्षं संकष्टी करतात. निघताना बिनसाखरेचा चहा घेतला, नेहमीची गोळी घेतली, बस्स.

चढ संपत आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की गमती थांबल्या आहेत. मागे वळून बघितलं तर ते कठड्यावर बसलेले. हवा गार, पण सदरा पाठीला चिकटलेला. पाण्याची बाटली धरलेली बोटं थरथरत होती, झाकण फिरवायला जमत नव्हतं. मी म्हटलं, काय होतंय? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी कुठे लावली आपण?" आम्ही रिक्षाने आलो होतो.

ताईच्या पर्समध्ये मशीन होतं. ५४. सत्तरच्या खाली गेली की ती घसरलेली साखर, ताबडतोब उपाय करायचा. एका सज्जन फिरस्त्याने शेंगदाण्याची चिक्की पुढे केली. मी नको म्हटलं. दाण्यातल्या तेलाने पोट हळू रिकामं होतं आणि साखर रक्तात पोचायला उशीर लागतो. अशा वेळी नुसती साखर हवी, पाण्यात ढवळलेली. आणि आमच्यापैकी एकाकडेही साखर नव्हती.

रस्त्यालगत पाड्यातलं एक घर होतं. दारात बोरं आणि चिंचा मांडून एक बाई बसल्या होत्या. मी धावत जाऊन सांगितलं, त्यांनी एक शब्द विचारला नाही. "बसवा त्यांना इथं, पानी आनते," म्हणून आत गेल्या आणि स्टीलच्या पेल्यात साखर-पाणी घेऊन आल्या. तीन चमचे साखर, म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम. पंधरा मिनिटांनी ६६. अजून सत्तरच्या खालीच, म्हणून आणखी तीन चमचे. पुढच्या पंधरा मिनिटांनी ९२. भावोजींनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मघाशी मी काही बोललो का?"

मग त्या बाईंनी नाचणीची भाकरी आणि डाळ वाढली. भावोजी ताटाकडे बघत राहिले. ताईने भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला. "खा. बाप्पाला कळतं."

ते जेवत होते आणि मी चुलीशी बसले होते. बाईंनी काटक्या पेटवल्या, त्यावर जाड ओंडका सरकवला. वर्गात मी वर्षानुवर्षं हेच उदाहरण दिलं होतं. साखर म्हणजे काटक्या, चटकन पेटतात आणि चटकन संपतात. चरबी म्हणजे ओंडका, उशिरा धरतो पण रात्रभर पुरतो. त्या सकाळी हे उदाहरण मला अपुरं वाटलं. एक तर शरीरात काटक्या संपल्यावर ओंडका असा क्रम नसतो, दोन्ही जळणं सतत एकत्र चालू असतात, फक्त कमी-जास्त होतात. रात्रभराच्या उपासानंतर स्वस्थ पडलेला माणूससुद्धा अर्ध्याहून जास्त ऊर्जा चरबीतून घेत असतो. आणि दुसरं महत्त्वाचं. भावोजींच्या अंगावर वीस किलो तरी चरबी असेल. दर ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे एक लाख ऐंशी हजार कॅलरी झाल्या. दिवसाला दोन हजार खर्च धरला तर तीन महिन्यांचं जळण. एवढं कोठार अंगावर असताना माणूस भुकेने कापतो कसा?

उत्तर त्या गोळीत होतं. ती ग्लिमेपिराइड होती, हे ताईने तिथे सांगितलं. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. इन्शुलिन नुसतं स्नायूंची दारं उघडत नाही, ते कोठारांना कुलूपही लावतं. एरवी उपास पडला की इन्शुलिन उतरतं, ग्लुकागॉन नावाचं दुसरं संप्रेरक चढतं, यकृत आपल्याकडची साखर रक्तात सोडू लागतं आणि चरबीच्या पेशी स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड) बाहेर काढतात. यकृतात ही साखर ग्लायकोजेनच्या रूपात असते, साधारण शंभर ग्रॅम. (यकृत साखर साठवतं हे क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं.) स्नायूंत चारशेच्या आसपास ग्रॅम असतं, पण स्नायू ते उसनं देत नाहीत. साखर रक्तात परत सोडण्यासाठी लागणारं विकरच (एन्झाइम) त्यांच्याकडे नाही. म्हणजे रक्ताची भिस्त यकृतावर. गोळीच्या जोरावर इन्शुलिन चढलेलं राहिलं, यकृताचा हात आखडला, चरबीचं दार बंद झालं, आणि चढ चढताना मांड्या तर साखर ओढतच होत्या. मेंदूला चरबी थेट वापरता येत नाही, त्याला साखर हवी. लांबलेल्या उपासात चरबीपासून केलेल्या कीटोनवर तो काही भागवतो, पण इन्शुलिन ते बनणंही रोखतं. "गाडी कुठे लावली" हा प्रश्न त्या उपाशी मेंदूने विचारला होता.

बाईंना पैसे देऊ केले तर घेईनात. शेवटी त्यांची होती नव्हती ती सगळी बोरं विकत घेतली.

येऊरला जाणाऱ्यांसाठी: उजाडल्यावरच निघा आणि अंधाराआधी परत फिरा, बिबट्याचं जंगल आहे. वर हॉटेलांच्या भरवशावर जाऊ नका. मधुमेहाची गोळी चालू असेल तर तिचं नाव पाठ असू द्या. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर अशी सहसा कोसळत नाही, ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्यांनी आणि इन्शुलिनच्या सुईने कोसळू शकते. उपास करायचा असेल तर आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा, गोळीचं स्वतःच्या मनाने काही ठरवू नका. भावोजींच्या डॉक्टरांनी त्याच दुपारी फोनवर उपासाच्या दिवसाचं वेगळं वेळापत्रक दिलं. ते आधीही मिळालं असतं, विचारलं नव्हतं एवढंच. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

तिसरा दिवस, शनिवार: ऐरोलीची खाडी

भावोजी घरी थांबतील असं वाटलं होतं, तर सकाळी आंघोळ करून, पोहे खाऊन, टोपी घालून तेच आधी तयार. भाची बेलापूरला राहते, ती ऐरोलीला भेटली. तिथल्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ पासून रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेला. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, तेव्हा आधी विचारून जागा राखून ठेवावी. दुर्बीण आणि टोपी न्यावी, पाण्यावरचं ऊन दुप्पट भाजतं.

खारफुटीच्या भिंतीतून बोट बाहेर आली आणि समोर चिखलाचा पट्टा गुलाबी झालेला दिसला. मी आधी त्याला प्रकाशाचा खेळ समजले. मग तो पट्टा हलला. हजारोंनी रोहित, माना खाली, चोची उलट्या करून पाणी गाळतायत, शेवाळ टिपतायत. ताईने माझा हात घट्ट धरला. बोटीत बराच वेळ कोणी बोललं नाही, इंजिन बंद केल्यावर त्यांचा तो घोगरा कलकलाट तेवढा ऐकू येत होता.

बोट चालवणारे दादा जवळच्या कोळीवाड्यातले. रोहितांपेक्षा त्यांचं प्रेम चिखलावर तुरुतुरु पळणाऱ्या बारक्या पाखरांवर. "यांना एप्रिलमध्ये बघा," म्हणाले. "दिवसभर खातात, डोकं वर काढत नाहीत. असे गुबगुबीत होतात. मग एके दिवशी बघावं तर चिखल रिकामा."

त्या गुबगुबीतपणातच सगळं आहे. हे पक्षी उत्तरेकडे हजारो किलोमीटर जातात ते चरबीवर. यांच्याच गोतावळ्यातल्या पट्टेरी शेपटीच्या गॉडविटचं उदाहरण थक्क करणारं आहे. २०२२ मध्ये अंगावर यंत्र लावलेलं एक पिल्लू अलास्काहून निघालं ते ११ दिवस न थांबता, न खाता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला उतरलं. निघताना या पक्ष्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग चरबी असते.

साखरेवर हा प्रवास का होत नाही? भाचीने हिशोब मागितला आणि आम्ही बोटीतच केला. ग्लायकोजेनच्या एका ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं आणि त्याच्या ग्रॅमला कॅलरी फक्त चार. चरबी कोरडी आणि कॅलरी नऊ. भावोजींच्या वीस किलो चरबीतली ऊर्जा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवायची म्हटली तर ४५ किलो ग्लायकोजेन आणि त्यासोबत १३५ किलो पाणी. एकशे ऐंशी किलो! भावोजी आपल्या पोटाकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे ही सोयच आहे." खरंच सोय आहे. दुष्काळाच्या, लांबच्या प्रवासाच्या दिवसांसाठी केलेली बेगमी. भरलेलं कोठार बाराही महिने उघडायचंच नाही, तिथे अडचण सुरू होते.

दुपारी बेलापूरच्या दिवाळे गावात जेवलो. तांदळाची भाकरी, कुरकुरीत बोंबील, सोलकढी. भाकरी वाढणाऱ्या मावशींना भावोजींनी एकीवर थांबवलं, तर त्यांनी बोंबील दोन वाढवले. जेवण झाल्यावर आम्ही न सांगता उठलो आणि जेट्टीपर्यंत चालत जाऊन आलो. होड्या चिखलात कलंडलेल्या, जाळी वाळत टाकलेली, सुकटीचा वास. रात्री मुक्काम भाचीकडे.

चौथा दिवस, रविवार: पारसिक टेकडी

भाची मॅरेथॉनसाठी सराव करते. रविवारी सकाळी पारसिक टेकडीच्या चढावर तिच्यासारखे कितीतरी जण दिसतात. वर पोचलं की एका बाजूला बेलापूरच्या इमारती, पलीकडे धुक्यात खाडी. भावोजी आणि मी गप्पा मारत चढत होतो, ती वर जाऊन खाली येऊन पुन्हा वर.

तिच्या व्यायामशाळेतल्या पळायच्या यंत्रावर "चरबी जाळण्याचा वेग" असा एक हळू वेग लिहिलेला आहे. "मग मी उगाच धापा टाकते का, मावशी?" असं तिने विचारलं. हा गैरसमज मला फार ठिकाणी भेटतो. हळू चालताना जळणात चरबीचा वाटा जास्त असतो हे खरं, पण एकूण जळणच थोडं. वेग मध्यम झाला की वाटा घटतो, तरी मिनिटाला जळणारी चरबी वाढते. त्याहून जोर लावला, बोलताना दम लागायला लागला, की स्नायू साखरेकडे वळतात. कारण साखरेतून ऊर्जा पटकन निघते आणि तेवढ्याच प्राणवायूत थोडी जास्तही मिळते. वजनाच्या दृष्टीने दिवसभराचा जमाखर्च बघायचा, तो एक तास कोणत्या जळणावर गेला हे नाही.

आणि पहिल्या काही सेकंदांच्या झेपेत तर दोन्हींपैकी कुणाचीच वाट बघितली जात नाही. स्नायूत क्रिएटिन फॉस्फेट नावाची तयार शिल्लक असते, ती खर्च होते. ती शोधणाऱ्यांपैकी एक भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत त्यांनी १९२७ मध्ये हे काम केलं. हे नाव मी दरवर्षी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे, कारण पुस्तकात ते नसायचं.

लांब पळताना तिला मध्येच पाय दगडाचे झाल्यासारखे होतात. त्याचं कारण शंभर वर्षांपूर्वी सापडलं. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा थकून गळालेल्यांची साखर उतरलेली निघाली. पुढच्या वर्षी त्यांना शर्यतीत गोळ्या-चॉकलेटं खायला दिली, तर ते पुष्कळच तरतरीत राहिले. चरबी कितीही असली तरी ती तेवढ्या वेगाला पुरी पडत नाही. ग्लायकोजेन आटलं की वेग सोडावा लागतो.

वरच्या वळणावर भावोजी धापा टाकत थांबले. माझा जीव वरखाली झाला, पण मशीनने ११८ दाखवली, नुसता चढाचा दम होता. "ही जळलेली चरबी जाते कुठे? घामातून?" त्यांनी विचारलं. बहुतेकांना तसंच वाटतं. खरं तर ती नाकातोंडाने जाते. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. भावोजींनी तोंडासमोर तळहात धरला, एक लांब उच्छ्वास सोडला आणि हाताकडे बघत राहिले.

पारसिकला जाणाऱ्यांसाठी: बेलापूर स्टेशनपासून रिक्षा मिळते, सातच्या आत पोचा. पाणी खालूनच न्या. आणि चालताना सोबतच्या माणसाशी बोलत राहा. वाक्य पूर्ण करता येत असेल तर वेग बरोबर आहे, आणि बोलणं अचानक बंद झालं तर वळून बघा.

संध्याकाळी पाचपाखाडीला परतलो. माझी परतीची गाडी रात्रीची होती. मी बॅग भरत होते आणि ताई बैठकीत खाली वर्तमानपत्र पसरून बसली होती. पुढ्यात साखरेचा डबा, चमचा आणि छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. चमचा भरून त्यावरून बोट फिरवायची, सपाट करायची आणि मोजायची, एक, दोन, तीन. मग पिशवीला पीळ देऊन वर रबर. भावोजी एकेक पिशवी उचलून जागेवर ठेवत होते. एक फिरायला जायच्या पँटच्या खिशात, एक स्कूटरच्या डिकीत, एक पूजेच्या ताम्हणाशेजारी, पुढच्या संकष्टीसाठी. शेवटची पिशवी ताईने माझ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात घातली.

"मला कशाला?" मी म्हटलं. "मला कुठे मधुमेह आहे?"

"गाडीत शेजारी कोण येऊन बसेल, काय सांगता येतं?" ताई म्हणाली आणि कप्प्याची चेन ओढली.